एका जोडणीवर दोन ग्राहक

तीर्थस्वरूप ताईला धाकट्याचा नमस्कार, आणि भाऊजींना दोन, कारण मागच्या पत्रात त्यांचा राहून गेला होता.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं कमी झालं, की तुला त्याची सवय झाली? (दोन्हीपैकी काहीही झालं असलं तरी मला आनंदच आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहिणार होतो. पण 'सगळे' म्हणजे नक्की किती, इथेच पेन अडलं. गेल्या बुधवारपर्यंत घरात आम्ही कुत्रा धरून पाच जण होतो. निदान आमची तशी समजूत होती. मी दिवसभर लोकांना फळ्यावरची खालची बारीक ओळ वाचायला लावतो आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू नकोस. दुकान चष्म्यांचं आहे.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या कन्येने रस्त्यावरचा कुत्रा आणला. आणला म्हणजे, शाळेपासून तो तिच्या मागे मागे आला आणि दुकानाशेजारच्या जिन्याखाली बसला. मग तो उठेना आणि पोरगी जेवेना. रंग मळक्या चहासारखा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि तोंडावर भाव असा की आपलीच काहीतरी चूक झाली असावी असं आपल्याला वाटावं. माझ्या बायकोने (तुला माहीतच आहे, गणिताची शिक्षिका, कुठलीही गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय मान्य करत नाही) दोन दिवस विरोध केला, तिसऱ्या दिवशी स्वतःच त्याच्यासाठी वाडगं काढलं. उरले बाबा.

बाबांचं आणि कुत्र्यांचं तुला नव्याने काय सांगायचं! चौतीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचले, त्यात सात वेळा चावून घेतलं. सातही खुणा त्यांना तारीखवार पाठ आहेत. शिवाय आई गेल्यापासून दोन वर्षं ते मागच्या गॅलरीतल्या खुर्चीतून फारसे उठलेच नव्हते. जिना उतरायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, आम्ही 'बरं वाटतंय का' विचारलं की 'हं' म्हणायचं. कुत्रा पाहून मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले, 'या घरात हा तरी राहील नाही तर मी तरी.' आम्हाला इतका आनंद झाला की विरोध झालाय हे लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विषय सोडून दिला. त्याला नावाने हाक मारायला मात्र तयार नव्हते. 'ग्राहक' म्हणायचे. शेवटी सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

गोंधळ सुरू झाला तो यानंतर. कन्या सकाळी त्याला फिरवून शाळेत जाते, ती साडेपाचला परत येते. ही सकाळची शाळा करून बाराला घरी. मी दिवसभर खाली दुकानात, फक्त जेवायला वर. कन्येने ग्राहकाला 'बस' म्हटलं की बसायला शिकवलं. हीच आज्ञा बायकोने दुपारी दिली की तो तिच्याकडे असा बघायचा, की बाई, आपली ओळख नाही. सकाळी दूध चाटूनपुसून प्यायचा, दुपारी दुधाला तोंड लावायचा नाही. सकाळी मिक्सर लावला की पलंगाखाली, दुपारी मिक्सर चालू असताना ओट्याखाली डाराडूर. एकदा हिने सांगितलं, 'याच्या डाव्या कानाला आज खाच दिसली.' संध्याकाळी सगळ्यांनी कान उलटसुलट करून पाहिला, खाच नव्हती.

ताई, आता कबूल करतो. मी तिचा चष्म्याचा नंबर तपासला. वाढलाय म्हणालो. नवीन भिंगं करून दिली. त्या भिंगांतून तिला जिन्याच्या तीन पायऱ्या चार दिसायला लागल्या आणि कानावरची खाच दिसायची ती दिसतच राहिली. घरात दोन पक्ष पडले. कन्या म्हणे, ग्राहक हुशार आहे, आईलाच प्रेम नाही. ही म्हणे, मी वेडी नाही. मी दोघींना एकेकटं गाठून तुझंच बरोबर आहे असं सांगायचो, आणि दोघी एकत्र भेटल्या की दुकानात पळायचो. बाबा गॅलरीतून काहीच बोलत नसत. फक्त एक चांगलं झालं होतं. त्यांची भूक वाढली होती. दुपारी ताट मागून घ्यायचे, वर आणखी वाढा म्हणायचे. आम्ही म्हटलं, चला, वारं फिरलं.

मध्ये ग्राहकाचं ते (पुढे पोरं होऊ नयेत म्हणून करतात ते) ऑपरेशन करून आणलं. दहा दिवसांनी, म्हणजे गेल्या बुधवारी, टाके काढायचे होते. दुपारी मी वर गेलो तर ग्राहक बाबांच्या खुर्चीखाली झोपलेला. गळ्यात पट्टा नव्हता. म्हटलं कन्येने काढून ठेवला असेल. दोरी बांधली. बाबा एकदम उठून उभे राहिले. 'आज नको नेऊस.' मी विचारलं का. 'ऊन आहे.' मी म्हटलं, रिक्षाने नेतो. 'मग उद्या ने.' दोन वर्षांत ते एवढं बोलले नव्हते, पण मी घाईत होतो. घेऊन निघालो. ते गॅलरीतून वाकून वाकून बघत राहिले.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी ग्राहकाला टेबलावर घेतलं, उलटं केलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. (चष्मा मीच बनवलेला, त्यामुळे मी आधी त्यांचा नंबर आठवून पाहिला.) मग शांतपणे विचारलं, 'ऑपरेशन मीच केलं होतं ना?' म्हटलं, हो. म्हणाले, 'मी चांगला डॉक्टर आहे, पण इतका नाही. टाके नाहीत, जखम नाही, आणि ही मादी आहे.'

मी डोळे फाडून कान पाहिला. डावा. खाच होती.

घरी आलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दार उघडलं तर कन्या बैठकीत बसलेली आणि तिच्यापुढे ग्राहक, पट्ट्यासकट, टाक्यांसकट. माझ्या हातातल्या दोरीलाही ग्राहक. ते दोघे एकमेकांना पाहून शेपट्या हलवू लागले, जुनी ओळख असल्यासारखे. बायको स्वयंपाकघरातून आली, दोघांकडे पाहिलं, नवीन चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, 'मग मी वेडी नव्हते ना?' मी नाही म्हणालो. ताई, असं 'नाही' मी लग्नानंतर प्रथमच इतक्या मनापासून म्हणालो असेन.

मग आम्ही सगळे बाबांकडे वळलो, कारण तेच फक्त भिंतीकडे बघत होते.

ती त्यांची. दीड वर्षापासून! आम्ही आपापल्या कामाला गेलो की बाबा मागच्या जिन्याने खाली उतरायचे. बावीस पायऱ्या. आपल्याला वाटायचं ते खुर्चीतून हलत नाहीत, आणि ते रोज, ही शाळेतून यायच्या आत, मागच्या गल्लीत जाऊन तिला आपल्या ताटातलं राखून ठेवलेलं भरवायचे, तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालून यायचे. कन्येने त्याच रंगाचा कुत्रा आणला आणि यांनी संधी साधली. बाराच्या आत त्याला गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत झोपायला पाठवायचं आणि तिला वर घ्यायचं, कन्या यायच्या आत परत अदलाबदल. मी म्हटलं, 'बाबा, सांगायचं तरी!' म्हणाले, 'जन्मभर कुत्र्यांना शिव्या दिल्या. कुठल्या तोंडाने सांगू?' आणि मग मान खाली घालून म्हणाले, 'चौतीस वर्षं विजेच्या एका जोडणीवर दोन घरं चालवणाऱ्यांना पकडलं. शेवटी मीही तेच केलं.'

मला हसावं की काय करावं कळेना. कन्या तर रडायलाच लागली. ही विचारत होती की आमच्याशी दोन शब्द बोलत नव्हतात आणि कुत्रीसाठी बावीस पायऱ्या? त्यावर बाबा जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. 'तुम्ही सगळे रोज विचारता, बरं वाटतंय का. मग मला बरं वाटून दाखवावं लागतं. ती विचारत नाही. ती नुसती खाली उभी असते.'

बायको उठली, फळीवरून दुसरं वाडगं काढलं आणि ठेवलं. त्या कुत्रीला आता 'बाई' म्हणतात. आम्ही बाबांना 'बरं वाटतंय का' विचारायचं बंद केलंय. पण त्याऐवजी काय विचारायचं हे अजून ठरत नाहीये, त्यामुळे जेवताना सगळे नुसते एकमेकांना मीठ देत असतो. ग्राहक आणि बाई यांतलं कोण कोणतं, हे मला अजूनही पाठीमागून ओळखू येत नाही.

भाऊजींना सांग, तब्येतीला जपा.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र इतकं लांबलं, कारण खरं सांगायचं ते पुढे ढकलत होतो. पुढच्या महिन्यात बाबा तुझ्याकडे यायचे ठरले होते ना, ते येत नाहीत. काल बाईला डॉक्टरांकडे नीट तपासून आणलं. ग्राहकाचं ऑपरेशन आपण जरा उशिरा केलं, असं डॉक्टरांचं मत पडलं. पोटात चार आहेत, कदाचित पाच. मी बाबांना म्हटलं, आम्ही आहोत ना इथे, तुम्ही निर्धास्त जा. तर म्हणाले, 'ताईच्या जन्माच्या वेळी मी लोकांचे मीटर वाचत होतो. या वेळी तरी घरी असू दे.' तेव्हा तूच ये. जुन्या मऊ चादरी असतील तर आण.

ता. क. २. चादरींबरोबर झाकणाची एक मोठी टोपलीही आण. येताना ती रिकामी असली तरी चालेल. भाऊजींना एवढ्यात काही बोलू नकोस.