एका चुलीवरची माणसं

३ फेब्रुवारी

जनगणनेचं काम गळ्यात पडलंच! अख्खं गाव मी एकट्याने मोजायचं. वर मुख्याध्यापकांची मखलाशी — "अकरा वर्षं राहताय, तुम्हाला घरं तोंडपाठ." तोंडपाठ झाली म्हणून तर दरवर्षी बदलीचा अर्ज टाकतो. यंदाही टाकलाय, भावाच्या शहरात.

५ फेब्रुवारी

बावीस घरं झाली. सहांना कुलूप.

लोहाराच्या म्हाताऱ्याला वय विचारलं. "लिहा ऐंशी." मागच्या जनगणनेतही ऐंशीच सांगितलं होतं म्हणे! "मग आता नव्वद झाले की." तर म्हणतो, "मास्तर, एकदा दिलेला शब्द मी फिरवत नाही." हसून हसून मुरकुंडी वळली. शिंपीणबाईंनी नवऱ्याला आधी घराबाहेर पिटाळलं, मगच स्वतःचं वय सांगितलं.

६ फेब्रुवारी

चहा नऊ कप. पायांचे तुकडे पडले. तरी मजा येतेय, खोटं कशाला बोलू!

८ फेब्रुवारी

आज घरमालकीण काकूंचा कागद. पुढच्या खोलीत मी भाड्याने राहतो, स्वयंपाकघरात त्या.

"माणसं किती?"

"दोन. मी आणि मुलगा."

मुलगा नऊ वर्षं परदेशात. फोन येतो, तो येत नाही. मी नियमावर बोट ठेवलं — पुढचे सहा महिने इथे राहणार असेल तोच धरायचा. "बरं, एक लिही," म्हणाल्या. लिहिलं. स्वतःचा वेगळा कागद केला — भाडेकरू, माणूस एक.

संध्याकाळी ताट वाढलं आणि लगेच पाठ फिरवून भांडी घासायला बसल्या. माझं चुकलं नव्हतं. तरी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलो.

११ फेब्रुवारी

बदली मंजूर! आठवड्यात होकार कळवायचा. भावाचा फोन — "खोली झाडून ठेवलीय." आनंद झाला. थोडा.

काकूंना सांगितलं. "छान झालं हो," म्हणाल्या आणि निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या.

१३ फेब्रुवारी

मोजणी संपली. चारशे बारा माणसं. त्यातली शाळेची मुलं छत्तीस, आणि छत्तिसांची अक्षरं मला लांबून ओळखता येतात. परतताना उगाचच लांबच्या रस्त्याने आलो. तीन दारांतून हाका आल्या.

१४ फेब्रुवारी

कचेरीतल्या साहेबांनी दोन कागद परत केले — काकूंचा आणि माझा.

"मास्तर, जेवता कुठे?"

"काकूंकडेच."

"मग कुटुंबं दोन कशी? एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब. पहिलाच नियम!"

गावभर सगळ्यांना हाच नियम ऐकवत फिरलो, आणि घरी येऊन विसरलो! शरमेने मान खाली गेली.

नवा कागद घेऊन काकूंसमोर बसलो. कुटुंबप्रमुख — काकू. मी दुसरा. कुटुंबप्रमुखाशी नातं? पेन अडलं. काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "मुलगा लिही. नाहीतरी दोन माणसं मी आधीच सांगितली होती."

लिहिलं. शेवटचा रकाना कोरा ठेवून उठलो.

१५ फेब्रुवारी

पुढचे सहा महिने इथे राहणार का? — हो.

भावाला कळवलं, खोली भाड्याने देऊन टाक.