कडब्यात रुसलेला जावई

तामलवाडी,
ता. ७ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप महालिंगप्पा मामा यांचे सेवेसी,

आपला जावई शिवशरण याचा शरणार्थ. आपला गुडघा आता कसा आहे? मामींचा दमा थंडीत फार त्रास देत नसेल अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक. (आम्ही म्हणजे मी आणि म्हैस. म्हैस आटली आहे, आणि मी स्वतःच्या हातचं खाऊन निम्मा झालो आहे.) तारामतीला माहेरी नळदुर्गात राहून आज तीन आठवडे झाले. ती घरी का जात नाही हे आपण तिला विचारलं असेल आणि "त्यास्नीच इचारा" असं म्हणून ती आत गेली असेल. म्हणून हे पत्र.

मामा, स्पष्टच लिहितो. माझा मेहुणा विरुपाक्ष याच्या लग्नाला आलो त्या दिवशी मी रुसलो नव्हतो. पत्रिकेत माझं नाव छापायचं राहिलं होतं हे मला आपण माफी मागितलीत तेव्हा कळलं. आमच्या दूध सोसायटीची तीनचाकी फटफटी आपण पाहिली आहे (पुढं फटफटी, मागं दोन चाकांवर कॅनची पेटी). या दुष्काळात गावचं दूध एका कळशीवर आल्यापासून मी सेक्रेटरी म्हणून ती माझ्याच दारात असते. पुढचा ब्रेक तिच्या आठवणीत नाही. मागचा आहे तो मूळचा नव्हे. आधीच्या मालकानं भंगारातल्या दुसऱ्याच गाडीचा काढून बसवला आणि सळई आखूड पडली तिथं तारेनं जोडली. तो लागायचा, पण किंचाळायचा. आता मागं पेटीत इरकल नेसलेली बायको, आणि सासुरवाडीत असं किंचाळत शिरायचं? आदल्या दिवशी मी चाक उघडलं आणि बैलगाडीच्या आखाला घालतो ते वंगण ब्रेकला सढळ हातानं थापलं. (आमच्या वडिलांनी जन्मभर गाडी हाकली. करकरलं की वंगण, एवढं एकच शास्त्र आमच्या घरात आहे.) आवाज एकदम बंद झाला. वाटेत चढच जास्त लागले, त्यामुळं आणखी काय बंद झालंय ते कळलं नाही.

ते आपल्या दारात कळलं. मामी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभ्या, आपण हात जोडलेले. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला आणि गाडी पुढं गेली. मी नमस्कार केला, पण तो शेजारच्या भिंतीला झाला. मग मांडव गेला, आचारी गेले, आणि आपण ज्याचे चेअरमन आहात त्या चारा डेपोच्या कडब्यात आम्ही शिरलो. तेव्हा तारामती जे बोलली ते तिच्या वडिलांना लिहिण्यासारखं नाही. तोवर जावई रुसून कडब्यात जाऊन बसला अशी बोंब झाली होती. आपण जरीकाठी फेटा घेऊन दुखऱ्या गुडघ्यानं धावत आलात. "जावईबापू, चुकलं आमचं. पर घरला चला." तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोंडात कडबा होता, फेटा फार सुरेख होता, आणि माझ्यापुढं आजवर कुणी हात जोडले नव्हते. मी फेटा घेतला आणि शोभावं म्हणून दोन दिवस तोंड फुगवून बसलो. माझ्या वंगणापायी आपण पोराच्या लग्नात मान खाली घालून वावरलात. मला त्याची फार लाज वाटते, मामा.

मी निघताना तारामतीनं बजावलं होतं, "आदी ब्रेक नीट करा, मग अप्पास्नी खरं सांगा. तवर म्या येत न्हाय." म्हणून फाट्यावरच्या कोंडिबा मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं चाक उघडलं, आत बोट फिरवलं, वास घेतला आणि खालीच बसला. "सेक्रेटरी, वंगण चाक फिरावं म्हून असतंय, थांबावं म्हून न्हाय." रेशनचं महिन्याचं रॉकेल ते वंगण धुण्यात गेलं (म्हणून स्टो बंद, म्हणून मी निम्मा). ब्रेकला नवे लायनर ठोकले, तारेच्या जागी अखंड सळई आली. मला त्यानं पान्यालासुद्धा हात लावू दिला नाही. आता ब्रेक लागतो. तारामतीशिवाय घरात करमत नाही. सोमवारी दहाच्या सुमारास न्यायला येतो.

मामींना शरणार्थ सांगावा.

आपला, न रुसलेला,
शिवशरण

ता. क. फेटा परत आणणार होतो. पण मिस्त्रीनं वंगण पुसायला चिंधी मागितली आणि घरात दुसरं सुती काही सापडलं नाही.

ता. क. ब्रेक लागतो असं वर लिहिलं ते खरंच आहे. फक्त आतापर्यंत चढावरच लावून पाहिला आहे. तारामतीला एवढं सांगू नये.

ता. क. आपलं दार उतारावर आहे. सोमवारी मी पुढं गेलोच तर फेटा घेऊन धावू नये, मी रुसलेला नसेन. मात्र चेअरमन या नात्यानं एवढी कृपा करावी, की डेपोतला कडबा सोमवारी दहापर्यंत कुणाला वाटून देऊ नये.