माझ्या नावावर ती खेळली

बाई, तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं होतील. मेंदूच्या मलेरियानं चार दिवसांत तुम्ही गेलात, तेव्हा मला नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. शाळेत परीक्षा चालू आहे असं सांगून मी मातीला आले नाही. परीक्षा खरंच चालू होती. पण सुटी मागितली असती तर मिळाली असती, हेही मला माहीत होतं. तुमच्याशी बोलायचं म्हणजे अशी दुरुस्ती दर दोन वाक्यांमागे करावी लागणार, म्हणून सावकाश लिहिते.

चंद्रपूरच्या आपल्या कॉलेजात सॉफ्टबॉल आणला तो तुम्ही. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तरी तिकडच्या मुली शिकायला अजून इकडेच येत. कबड्डी आणि खोखोला मुलींची रांग असायची. सॉफ्टबॉल म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तुम्हाला नेमकं तेच हवं होतं. पहिल्या दिवशी मैदानावर आम्हाला गोलात बसवून तुम्ही म्हणालात, "पोरीहो, ह्या खेळात गर्दी नाई. घाम गाळा, विद्यापीठाकडून खेळा, सर्टिफिकेट घ्या. त्याच्यावर बी.पी.एड.ले नंबर लागते, मंग शाळेत पीटीची नोकरी. मले कोणी कोणाच्या घरी भांडे घासतांना दिसू नका." आम्ही हसलो. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या आया तेच करत होत्या, त्यामुळे हसणं जरा मोठ्यानंच झालं. माझे वडील कोळशाच्या खाणीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि अभ्यासात बरी. चेंडू मात्र माझ्या हातात टिकत नसे. तुम्ही मला राखीव म्हणून ठेवलंत ते माझ्या खेळामुळे नव्हे. हजेरी, फॉर्म, प्रवासाचे कागद मी नीट ठेवायची, म्हणून.

आणि ती, माझ्या एक वर्ष मागची. एटापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावाची, आश्रमशाळेतून आलेली. घरी माडिया बोलायची, मराठी वसतिगृहात शिकली. पिचरला चेंडू खालून फेकावा लागतो, तो हात तुम्ही आम्हा सगळ्यांना करून दाखवत होतात. "विहिरीत बादली सोडते तसा हात जाऊ दे," तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, "आमच्या गावाले विहीर नाई, बाई. नदी हाये." तुम्ही म्हणालात, "मंग नदीत फेक माय, पण फेक." तिनं फेकला. पकडायला बसलेली कॅचर मागे उताणी पडली आणि तिथूनच ओरडली, "बाई, हिले सांगा, मले अजून लग्न करायचं हाये!" त्या दिवसापासून आमचा संघ म्हणजे ती एकटी, आणि बाकीच्या आम्ही तिच्याभोवती उभ्या.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ती इंग्रजीत नापास झाली. नापास मुलगी कॉलेजची नियमित विद्यार्थिनी राहत नाही, आणि तिला विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळता येत नाही. वसतिगृहही सुटलं. तुम्ही तिला स्वतःच्या घरी आणून ठेवलंत. मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं आहे. दुपार आहे. ती चुलीपाशी भाकरी थापते आहे, तुम्ही जमिनीवर फॉर्म पसरून बसला आहात आणि मला म्हणता आहात, "तुझ्या नावावर हिले खेळवतो. तू तशीही बाकावरच बसतं." तुम्ही पुढे म्हणालात, "एका वर्षाचा प्रश्न हाये. पुढच्या वर्षी ती पास होईन अन् आपल्या नावानं खेळीन." डिंक संपला होता. फॉर्मवर नाव माझं, वडिलांचं नाव माझं, जन्मतारीख माझी, आणि तिचा फोटो तुम्ही भाताच्या शितानं चिकटवलात. तिनं पिठाच्या हातानं वाकून तो पाहिला आणि म्हणाली, "हिचं नाव मले बरं दिसते." आपण तिघीही हसलो. बाई, आपल्याकडे तेव्हा असं सर्रास चालायचं, सगळीच कॉलेजं करायची, हे खरं आहे. यात कुणाचं काही बुडेल हे आपल्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही, हेही खरं असावं. निदान तुमच्या दोघींच्या बाबतीत.

ती माझ्या नावानं इतकी चांगली खेळली की माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. स्पर्धा पंजाबात होती. तुम्ही मला बोलावून सांगितलंत, "तू आता दहा-बारा दिवस इथी दिसू नको." मी मूल गावी मावशीकडे गेले. घरामागेच भाताची गिरणी, अंगणभर कोंडा उडायचा. "काऊन आली वं? कॉलेज बंद हाये का?" मावशीनं विचारलं. मी म्हटलं, अभ्यासाची सुटी आहे. चौथ्या दिवशी काका पेपर घेऊन आत आले. "हे पाय, तुझं नाव! विद्यापीठाच्या संघात, पंजाबले!" मावशीनं माझ्या हातातलं सूप पाहिलं, मग पेपर पाहिला. "हे तं इथी तांदूळ निवडून राह्यली. मंग पंजाबले कोण गेलं?" मी म्हटलं, माझ्याच नावाची दुसरी मुलगी आहे. "अन् बापही तुझ्याच बापाच्या नावाचा?" काका म्हणाले. मावशीनं ते पान घडी करून डब्यात ठेवून दिलं. माझ्या लग्नात तिनं सगळ्या पाहुण्यांना ते दाखवलं.

पुढच्या वर्षी ती इंग्रजीत पुन्हा नापास झाली. तुम्ही रोज संध्याकाळी तिला शिकवायचा, मीही कधीकधी शिकवायची. कधीकधी, रोज नाही. माझ्याही परीक्षा होत्या. तिचे वडील तिला न्यायला आले आणि तुमच्या ओट्यावर बसून राहिले. तिनं जाण्याआधी तुम्हाला विचारलं, की एका आश्रमशाळेत खेळ शिकवायला बाई हवी आहे, शिक्षण कमी असलं तरी चालेल म्हणतात, पण खेळल्याचा कागद मागतात. तो पंजाबचा कागद दाखवता येईल का? तो माझ्याजवळ होता. मी पळत घरी जाऊन पेटीतून आणला आणि तुमच्यापुढे धरला. म्हटलं, बाई, हा हिला द्या, नाहीतर फाडून टाका. तुम्ही मला इतक्या कडक आवाजात कधीच बोलला नव्हतात. "फाडून कोणाचं भलं होणार? तिच्या कामाचा नाई तो, नाव तुझं हाये. फाडला तं तुझ्याही कामाचा नाई. एकीचं तरी होऊ दे." मी कागद घडी केला. फार लवकर केला, असं मला आज वाटतं. तुम्ही आणखी दोनदा तरी समजावाल इतका वेळ मी तो तसाच धरून ठेवायला हवा होता.

त्याच दुपारी तिनं मला तयार केलं. तुमच्या पायऱ्यांवर बसून, बाजूला तिची गाठोडी, वडील आत चहा पितात. बी.पी.एड.च्या मुलाखतीत काय विचारतील ते ती एकेक सांगत होती. "मैदान कसं होतं विचारतीन. सांग, सकाळी एवढं धुकं का बॅटवाली दिसे नाई, नुसती बॅट दिसे. माती काळी नाई, पिवळी. बोटं थंडीनं आखडत तं मी काखेत घालो. जेवाले रोटी मोठी, डाळ काळी. तिसऱ्या नंबरले आलो सांग. दुसऱ्या नको सांगू, पकडतीन." मी वहीत लिहून घेत होते. मुलाखतीत त्यांनी मैदानाबद्दलच विचारलं आणि मी धुकं सांगितलं. धावणं, उड्या मला जमल्या. चेंडू फेकून दाखव असं कोणी म्हटलं नाही, कारण त्यांच्याकडे सॉफ्टबॉलचं सामानच नव्हतं.

तुम्ही जसं सांगितलं होतं तसं झालं ते माझं एकटीचं. बाकीच्या सगळ्या कुठे ना कुठे लग्न होऊन गेल्या. चिमूरची शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा सांभाळायची ती, नवऱ्याच्या किराणा दुकानात बसते. कॅचर बल्लारपूरला पिठाची गिरणी चालवते, तिचे गुडघे गेले आहेत. "लोकाईले वाटते दळण उचलून गेले," ती एकदा म्हणाली, "कोणाले सांगू, बसून बसून बॉल पकडले म्हून?" त्यांचे कागद त्यांच्याच नावाचे होते, तरी कुणाचा कुठे नंबर लागला नाही. गर्दी नसलेल्या खेळाला नोकऱ्याही नसतात, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं का? मला हे खरंच विचारायचं आहे. माझ्या शाळेत मी सॉफ्टबॉल कधी सुरू केला नाही. मुख्याध्यापक म्हणाले होते, मॅडम, तुमचा खेळ, सुरू करा. मी सामान महाग आहे म्हणाले. सामान महाग आहेच.

तीन वर्षांपूर्वी अहेरीला शालेय स्पर्धा होत्या, मी खोखोची पंच होते. दुपारी मागून आवाज आला, "काय वं पिचर, ओळखलं नाई का?" ती होती. केस पांढरे, दात काळे पडलेले. एका आश्रमशाळेत रोजंदारीवर कामाठी आहे. स्वयंपाक, झाडलोट, आजारी मुलींपाशी बसणं, सगळं तिच्याकडे. मुलींसोबत तिला पाठवलं होतं. "चष्मा गिष्मा लावून साहेबीण झाली तू तं," म्हणाली आणि माझा हात धरून उभी राहिली. सात-आठ मुली भोवती जमल्या. एक धीट मुलगी मला म्हणाली, "मॅडम, ही मावशी सांगते का ते रेल्वेत दोन दिवस बसून पंजाबले खेळाले गेली होती. थापा मारते न?" मुली खिदळल्या. तीही हसली. "सांग न वं ह्याईले," ती मला म्हणाली. "तू सांगशीन तं मानतीन. मी गेली होती का नाई? मले काई नाई पायजे, फक्त सांग."

माझ्या मागे आमचे मुख्याध्यापक आणि तालुक्याचे क्रीडा अधिकारी उभे होते. ते मला विद्यापीठाची पिचर म्हणून ओळखतात. मी म्हटलं, "ही आमच्या कॉलेजात होती. चांगली खेळायची."

धीट मुलगी म्हणाली, "अन् पंजाब?"

मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, पुढची मॅच लागते आहे.

बाई, संघ सोळा जणींचा असतो. हो, ही पण होती, एवढं म्हटलं असतं तर माझं काहीही गेलं नसतं. ते मला त्या क्षणी सुचलं नाही, असं मी बरेच महिने स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. सुचलं होतं. पण मग कुणी जुनी यादी काढून तिचं नाव शोधेल, सापडणार नाही, आणि मग विचारेल की कुठल्या नावानं. एवढं सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं. इतक्या वेगानं मी मैदानावर कधी विचार केला नव्हता. तिनं माझा हात सोडला. रागावली नाही. "चला वं पोट्ट्याहो, जेवाले चला, भात थंडा होऊन राह्यला," म्हणाली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना ती धीट मुलगी तिला काहीतरी म्हणाली आणि सगळ्या पुन्हा हसल्या. या वेळी तिचा आवाज त्यात नव्हता.

पुढच्या वर्षी तिची शाळा स्पर्धेला आली, पण मुलींसोबत तिच्याऐवजी दुसरी बाई होती. मी विचारपूस केली नाही.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, तिला नाही. तिचा पत्ता सोपा आहे, शाळेच्या नावानं टाकलं तर आठ दिवसांत पोचेल. डोळे साथ देत नसतील तर कुणीतरी मुलगी तिला वाचूनही दाखवेल.

गेल्या महिन्यात शाळेनं निवड श्रेणीसाठी, म्हणजे चोवीस वर्षांच्या नोकरीनंतरच्या पगारवाढीसाठी, आमच्याकडून अर्ज भरून घेतले. त्यात खेळातल्या विशेष कामगिरीचा एक रकाना होता. तो भरलाच पाहिजे असं नव्हतं, तसं खाली छापलेलंही होतं. माझी नोकरी पक्की आहे, मला तिथे काही लिहायची गरज नव्हती. मी लिहिलं, विद्यापीठ संघ, पंजाब, तिसरा क्रमांक.