कंबर पंच्याऐंशी

१४ ऑक्टोबर
नगरपालिकेची आरोग्य तपासणी. कियोहारूंची कंबर एक्क्याण्णव! पुरुषांनी पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत राहायचं — आणि माझा नवरा जादा पोटवाल्यांच्या यादीत. आहारतज्ज्ञ बाईनं मलाच सुनावलं, "काकू, घरच्या जेवणाकडे लक्ष द्या." इथे निईगातात नवा तांदूळ आलाय, आणि आमच्याकडे आजपासून भात अर्धी वाटी. बिअर बंद.

२ डिसेंबर
चौऱ्याण्णव. गाल बसले, पोट वाढतंय. "चोरून खाता!" म्हटलं. "शपथ गं, नाही." विश्वास ठेवला नाही.

१९ जानेवारी
सकाळी दारातला बर्फ उपसला, एकटीनं. मग यांच्या सीटी स्कॅनचा निकाल. पोटात आतड्यांमागे गाठ — चरबीच्या पेशींचा कर्करोग, क्वचितच होणारा. सर्जन ओताकी म्हणाले, "गाठ फोडून चालत नाही, पसरते. डावं मूत्रपिंड, आतड्याचा तुकडा, सगळं एकत्र काढू. तरी परत येऊ शकते, हे आत्ताच सांगतो."
हे हसले! "बघ, भात नव्हता."
आमची लेक सुमिए रडली. मी फॉर्म भरत बसले.

६ फेब्रुवारी
शस्त्रक्रिया नऊ तास. मग ओताकींनी आम्हा मायलेकींना बोलावून काढलेली गाठ दाखवली, इथे दाखवतातच. ट्रेमध्ये पिवळट, चकचकीत, साडेपाच किलो. सुमिएनं तोंड फिरवलं. मी बघितलं. चार महिने ही आत खात होती आणि उपाशी मी यांना ठेवलं.

११ फेब्रुवारी
वारा सरला! आता पेज मिळेल. खोलीतल्या तिन्ही म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणतात, "सत्तर वर्षांत पहिल्यांदाच कुणी कौतुक केलं."
जिन्यात सुमिए म्हणाली, "आई, बाबांची एकदा माफी माग ना." मागेन. पाय दुखतात.

२८ मार्च
यांच्या तीन पँटी कंबरेत शिवून आत घेतल्या. माफीचं राहिलंच.

९ जून
सीटीत पुन्हा! दोन ठिकाणी. ओताकी म्हणाले, कापता येईल. मी तिथल्या तिथे पंधरा तारीख घेतली.
बसमध्ये हे म्हणाले, "मला नको."
"वेड्यासारखं बोलू नका!"
"अगं, उरलंय तेवढं आतडं जेवायला लागेल की."


१० जून
काही लिहवत नाही.

११ जून
इस्पितळात फोन करून तारीख रद्द केली. मीच. यांना सांगितलं.
"नीट विचार केलास?"
"पोट तुमचं आहे," मी म्हटलं.