मध्येच थांबणारं गाणं

४ जानेवारी, शनिवार

परत बंद पडलं! अभंग रंगात आला होता, तवा तापला होता, आणि स्पीकरमधली बाई एकदम गप्प. आशयनेच गेल्या वर्षी पाठवलेला हा स्पीकर, तोंडाने सांगितलं की गाणं लावतो. ह्यांना विचारलं तर म्हणाले, त्याच्याच खात्यावर चालतो ना, एका वेळी एकाच ठिकाणी वाजणार. लेकाने तिकडे पुण्यात लावलं की आपलं इकडे थांबतं.

म्हणजे भेट त्याची आणि हिसकावून घेणाराही तोच. छान!

५ जानेवारी

मीही काही कमी नाही. सकाळी चहा टाकला आणि बाईला हुकूम सोडला. तिला मराठी जमत नाही, हिंदीत बोलावं लागतं. म्हणाली, "संगीत दूसरे डिवाइस पर चल रहा है. क्या यहाँ चलाऊँ?" म्हटलं, "हाँ जी, चलाइए." रोज सकाळी गाणी ऐकत पळायला जातो तो; तिकडे पळता पळता त्याचं थांबलं असेल. थांबू दे!

हे म्हणाले, त्या मशीनला आप-जी करतेस, मला कधी केलं नाहीस.

७ जानेवारी

दिवाळीपासून आशयचा फोन नाही. इथलं सोनागिरीचं घर विका आणि भोपाळ सोडून माझ्याकडे या म्हणाला, जसं काही कपाटच हलवायचं होतं. मी बोलले, हे त्याहून जास्त बोलले. तो त्याच रात्रीच्या गाडीने निघून गेला. आता हे त्याचं नाव काढू देत नाहीत. आणि मी आधी फोन करणार नाही. मलाही काही मान आहे.

पण संध्याकाळी मी गाणं लावून बसते. थांबलं की कळतं – आला घरी. मग ताटं घेते.

१० जानेवारी

सव्वासातलाच थांबलं! आज लवकर सुटला.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाच्या वड्या केल्या. आजही फोन नाही.

नऊ वाजून गेले तरी गाणं चालूच. हे म्हणाले, जेवून घे. भूक नाही म्हटलं. पावणेदहाला एकदाचं थांबलं आणि जीव भांड्यात पडला. गाणं बंद पडलं की तुला एवढा आनंद कसला होतो, म्हणून हे बघत राहिले. मी ताटं घेतली.

१८ जानेवारी

ह्यांनी स्वतःच्या नावाने वेगळं खातं काढलं! कारखान्यात जन्मभर तारा जोडल्या, हेही स्वतःच जोडलं. "त्याच्या उपकाराचं गाणं नको आपल्याला. आता मध्येच थांबणार नाही, ऐक हवं तेवढं." किती खूश होते! माझ्यासाठीच केलं, काय बोलणार?

संध्याकाळी गाणं वाजतच राहिलं. आठला, नऊला, दहालाही. शेवटी मीच बंद करायला सांगितलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१९ जानेवारी

सकाळी बाईने काही विचारलंच नाही. सरळ लावलं.

२० जानेवारी

आज लावलंच नाही. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी उजाडायच्या आत आशयचा फोन. धापा टाकत होता. "आई, तू बरी आहेस ना? तीन दिवस झाले, सकाळी माझं गाणं कुणी थांबवलं नाही."