रुख्मिणीची पत्रिका आणि तुमच्या घरची गुणाची फ्लॉपी

मु. सावरगाव, बाजारहत्नूरजवळ
चैत्र वद्य पंचमी, सन १९९७

साडूभाऊ सुधाकरराव यांना यशवंतरावाचा दोन्ही हातांनी रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? दुकानाची पायरी चढताना कट्कन वाजायचा, तो अजून वाजतो की थकला? रेणुकाबाईंचं डोकं दुखणं थांबलं का, की अजून सांजच्याला सुंठ उगाळून कपाळाला लावतात? तुमच्या मातोश्रींना आता दोन्ही कानांनी ऐकू येतं की सोयीच्या एकाच? कुंदा सासरी खुशाल असेल, जावईबापूही खुशाल असतील (त्यांच्यासारख्यांना काय धाड भरली आहे). चिरंजीव वसंताची फटफटी कशी आहे? (फटफटी म्हणजे माणूस नव्हे हे मला समजतं, पण तुमच्याकडे तिला रोज अंग पुसून सावलीत बांधतात, म्हणून विचारलं.) उटनूरला जंगल आहे, झाडं आहेत, ऊन सोसत असेल. इकडे कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो आहे. सावलीच्या बाबतीतही नशीब तुमचंच. असो. आमच्याकडे हिची कंबर धरली आहे, माझा एक दात गेला, पण तो जाणारच होता. बाकी ठीक.

पत्र लिहायला कारण असं की आपल्या रुख्मिणीचं लग्न वैशाखात धरलं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. व्याही पांडुरंगराव किनवटकडचे, माणूस चांगला, फक्त घाई फार. तर पत्रिकेचा विषय निघाला. आता तुम्हाला वाटेल की कुंदाच्या पत्रिकेचा मला हेवा वाटला. मुळीच नाही. हेवा करायचं माझं वय राहिलेलं नाही. गुलाबी कागद, वर सोनेरी गणपती, दोन्हीकडे मोर, मोरांच्या चोचीत माळ, आणि आत ते कम्प्युटरचं अक्षर, शिवणाच्या मशीनवर शिवल्यासारखं. चांगली होती. माझं नाव त्यात ‘स्नेहांकित’मध्ये दुकानाच्या नावाखाली होतं (खालून वर वाचत गेलं तर लवकर सापडतं). त्याचंही मी काही मनाला लावून घेतलं नाही. फक्त गावातले लोक वर्ष होऊन गेलं तरी ती बघायला येतात, आणि आमची ही चहा टाकून त्यांना दाखवते, एवढंच. चहा माझ्या घरचा आणि मोर तुमचे.

म्हणून म्हटलं, रुख्मिणीचीही कम्प्युटरचीच करू. आदिलाबादेत कुंदाची पत्रिका जुळवणाऱ्या तुमच्याच त्या नागनाथकडे गेलो. मजकूर मी स्वतः लिहून नेला होता (शाळा माझी तिसरीतच सुटली, पण मजकुरात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही). मोरांऐवजी हत्ती टाकायला लावले. मोर कोणीही टाकतं. आपल्याकडच्या छापखान्यांत मराठीचे खिळे झिजलेले आणि नागनाथचं छापायचं यंत्र नुसते ठिपके मारतं, म्हणून रंगीत छपाई नांदेडला वामनरावांच्या प्रेसमध्ये. तिथला टायपिंगवाला लग्नसराईत जेवायला उठत नाही, म्हणून सगळं जुळवूनच आणा असा त्यांचा निरोप. मग नागनाथनं सगळी पत्रिका, गणपती, हत्ती, भाऊबंद, मानकरी, एका काळ्या चपट्या डबीत घातली. तिला फ्लॉपी म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. तुमच्या खिशातून ती कुंदाच्या लग्नाआधी महिनाभर सगळ्यांना दिसेल अशी अर्धी बाहेर डोकावत होती. मीही मग सदऱ्याच्या खिशात तशीच ठेवली. आमच्या एसटीत—नव्हे, आता आपण आंध्रातले, बशीत—कोणीही विचारलं नाही.

आता पुढचं नीट ऐका. आपल्यात पहिली पत्रिका देवाची. चारी कोपऱ्यांना ओलं हळदीकुंकू लावायचं, देवापुढे ठेवून अक्षता वाहायच्या आणि मग जगात वाटायची. हिनं फ्लॉपी तळहातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, “याच्यात रुख्मिणीचं नाव हाय न?”

म्हटलं, हाय.

“मंग हेच पयली पत्रिका.”

मला ते एकदम पटलं (तुम्हालाही पटलं असतं, उगाच हसू नका). चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लागलं. एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारच्या सोजरबाई आल्या होत्या, त्यांना कोणाच्याही लग्नात बोट घातल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. त्या फ्लॉपीला एक पत्र्याची पट्टी असते, सरकवली की आत काळी चकती दिसते. ती त्यांना बरोबर सापडली. म्हणाल्या, “काऊन व लक्ष्मीबाई, वरून लावून देवाले काय समजन? नाव त अंदर हाय.” झालं. आतही कुंकू लागलं, वर दोन अक्षता. मी समोर हात जोडून उभा.

नांदेडला वामनरावांनी ती यंत्रात सारली. आधी ते यंत्र शेळी खोकल्यासारखं खोकलं, मग खरडलं, मग गप्प झालं. फ्लॉपी बाहेर काढून त्यांनी बोटाला लागलेला लाल रंग पाहिला.

“काका, हे काय लावलं?”

“कुंकू.”

“फ्लॉपीला?”

“पत्रिकेला.”

त्यांनी बोट कागदाला पुसलं. मग यंत्र आडवं करून ठोकलं, तर त्यातून एक अक्षत पडली. तेव्हापासून त्या प्रेसमध्ये मला कुंकूवाले काका म्हणतात. म्हणोत. देवाला तर पोचली.

परत आदिलाबाद. नागनाथनं कपाळाला हात लावून दुसरी फ्लॉपी भरून दिली. “काका, हिला धूप नाही, दीप नाही, काही नाही. सीधं घेऊन जायचं.” सरळच निघालो होतो. पण गावानं गाठलं. मारुतीच्या देवळातला भोंगा बसला होता, त्याच्या मागचं ते जड गोल यंत्र दुरुस्तीला न्या, नांदेडला जातच आहात, असं चार माणसांनी सांगितलं. देवाच्या कामाला नाही कसं म्हणावं? एकाच पिशवीत खाली भोंगा, वर फ्लॉपी, मध्ये माझं धोतर, असं शिस्तीत भरलं. छोट्या रुळांच्या आगगाडीत पिशवी मांडीवर धरून बसलो, एका बाईला टेकूसुद्धा दिली नाही. वामनरावांनी फ्लॉपी आधी बोट फिरवून तपासली, मग यंत्रात घातली. यंत्र खोकलं नाही. मला आनंद झाला. ते म्हणाले, “रिकामी आहे.”

म्हटलं, असं कसं? आदिलाबादेत भरलेली मी डोळ्यांनी पाहिली, वाटेत कुठे उघडली नाही, सांडली नाही. ते म्हणाले, पिशवीत काय होतं? मी भोंगा दाखवला. मग त्यांनी मला सांगितलं की भोंग्यात लोहचुंबक असतं आणि लोहचुंबक फ्लॉपीतलं लिहिलेलं पुसून टाकतं. आता बघा, सुधाकरराव, कापसाचं गाठोडं उंदरानं कोरलं तर हातात घेतल्याबरोबर कळतं. घागर फुटकी निघाली तर आवाज सांगतो. बैल लंगडा असला तर चार पावलांत उघडा पडतो. ही भरलेली असली काय, रिकामी असली काय, वजन तेच, रंग तोच, तोंडावरची माशी हलत नाही. मी मांडीवर घेऊन पाच-सहा घंटे काय सांभाळलं? काही नाही. भोंगा मात्र दुरुस्त झाला.

तिसऱ्या खेपेला मी दोन फ्लॉप्या घेतल्या. बैलही जोडीनंच घेतात, एक बसला तर दुसरा ओढतो. भोंगा नाही, सोजरबाई नाहीत, लोखंडाची वस्तू नको म्हणून कमरेच्या किल्ल्यासुद्धा घरी ठेवल्या. बाळंतिणीच्या खोलीतून पोर बाहेर काढावं तशा सुती फडक्यात गुंडाळून नेल्या. पहिली उघडली. गणपती दिसायला लागला. मुकुट आला, कान आले, सोंड अर्धी आली आणि तिथंच यंत्र थांबलं, ते थांबलंच. दुसरी तर उघडलीसुद्धा नाही. मी म्हटलं, या वेळी मी काय केलं? वामनराव म्हणाले, “काहीच नाही काका. फ्लॉपीचं असंच असतं.”

माझं चुकलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण असंच असतं म्हणजे काय? आणि असंच असतं तर मग तुमची कशी चालते? हे मला नागनाथनंच सांगितलं, नाहीतर मी कशाला विचारायला गेलो होतो. म्हणाला, “तुमच्या साडूची फ्लॉपी पाहा. वरीस झालं, दुकानाच्या गल्ल्यात पडून राह्यते. संक्रांतीला वसंता घेऊन आला तं एका झटक्यात उघडली. कुंदाताईची पत्रिका जशीच्या तशी, वरून दुकानाची जाहिरात पण तिच्यातच भरून देल्ली.” वसंतानं ती हैदराबादहून आणलेली, परदेशी का काय आहे म्हणे. मी ऐकून घेतलं. घरी येऊन हिला सांगितलं, ते सांगायला नको होतं. ही म्हणाली, “रेणुकाच्या घरची फ्लॉपी बी गुणाची.”

तुमचं रान काळं, माझं चुनखडीचं, ठीक. तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी, माझ्या विहिरीत बेडूक, तेही ठीक. जावई, फटफटी, सावली, सगळं गोड मानून घेतलं. पण गल्ल्यात नाण्यांत पडलेली, वर्षभर कोणी न विचारलेली, दुकानातल्या डांबरगोळ्यांचा वास लागलेली फ्लॉपी एका झटक्यात उघडावी आणि माझी फडक्यातली सोंडेवर अडावी, हे मला सहन झालं नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. (सांजच्याला थोडी भाकर खाल्ली, पण चवीनं नाही.)

आता इकडची गत काय आहे ते सांगतो. व्याही रोज निरोप पाठवतात, पत्रिका कधी? ते तरी समजून घेतील. पण आमचे थोरले भाऊबंद उद्धवराव तुम्हाला ठाऊक आहेत. मागे भावकीतल्या बापूजींच्या घरच्या लग्नात त्यांना तोंडी बोलावणं गेलं, पत्रिका उशिरा आली, तर हा माणूस नवा पटका बांधून मांडवासमोर रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली दिवसभर बसला, आत पाऊल टाकलं नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला की मला बोलावलंच नाही. त्यांच्यामागे अख्खी भावकी आहे. छापील पत्रिका गेली नाही तर त्या लिंबाखाली जागा पुरणार नाही, आणि माझ्या पोरीच्या मांडवात आम्ही दोघं, भटजी आणि सोजरबाई.

रुख्मिणी मागणारी पोर नाही. फक्त कुंदाची पत्रिका कधी कधी पेटीतून काढते, मोरांवरून बोट फिरवते आणि पुन्हा घडी न मोडता ठेवते. मी पाहिलं नाही असं तिला वाटतं. मीही मग खाकरून दुसरीकडे जातो. बाप असून मला एक कागद छापून आणता येईना.

तर असं चाललं आहे. तुम्हाला नुसतं कळवावं म्हणून लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. मातोश्रींना दंडवत (चांगल्या कानात सांगा), रेणुकाबाईंना नमस्कार, वसंताला आशीर्वाद.

तुमचाच,
यशवंतराव

ता. क. — ती तुमची फ्लॉपी चार दिवस मिळाली असती तर बरं झालं असतं. मोर नकोत, गणपती नको, नुसती फ्लॉपी. बी चांगलं असलं की शेजाऱ्याकडून मागून आणतोच की आपण, त्यात कमीपणा नाही. कुंदाची पत्रिका पुसावी लागणार नाही, मी नागनाथला खोदून खोदून विचारलं. म्हणतो, जाहिरात काढली की दोघींची मावते. लहानपणी उन्हाळ्यात दोघी बहिणी तुमच्या ओसरीवर एका गोधडीत निजायच्या आणि सकाळी पांघरूण कोणी ओढलं म्हणून भांडायच्या. तशाच राहतील आत.

आणखी ता. क. — पत्रिकेत तुमचं नाव मी आधी ‘स्नेहांकित’मध्ये खाली टाकलं होतं. ते आता निमंत्रकांत घेतलं आहे, माझ्या बरोबर खाली. वर मागू नका, वर मी आहे.

शेवटचं ता. क. — हे पत्र हिनं वाचून घेतलं. म्हणते, एवढं कीर्तन कशापायी, सरळ मागायचं होतं. आणि आता सांगते की परवाच उटनूरच्या बशीतल्या कंडक्टरजवळ रेणुकाबाईंना निरोप गेला, उलट निरोपही आला, आणि रेणुकाबाईंनी फ्लॉपी गल्ल्यातून काढून लुगड्यांच्या घडीत ठेवलीसुद्धा, तुम्हाला न विचारता. बहिणीबहिणींचं हे असं असतं. म्हणजे हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा फ्लॉपी कदाचित निघालेली असेल. तसं असेल तर वरचं हेव्याबिव्याचं काही वाचलंच नाही असं समजा आणि लग्नाला आठ दिवस आधी दोघं या. तोवर उत्तर लवकर लिहा, मला झोप लागत नाही. पोस्टकार्डावर लिहा, शाईनं. त्या डबीत घालून पाठवलंत तर वाचायला मला नांदेडला जावं लागेल.