अश्विनीच्या हातातला नारळ

रविवार, संध्याकाळ. शिरूर.

वरवंडहून परत आले तरी डोकं अजून तापलेलंच आहे. माझी भाची अश्विनी, तिच्या सासरी धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. अश्विनी नारळ घेऊन ओटी भरायला वाकली, तर सासूनं तिचा हातच धरला. "तू नगं गं. तुझ्या जीनमधी खोट हाय."

जीन! मागच्या वर्षी सहाव्या महिन्यातच हिला कळा सुरू झाल्या, बाळ गेलं. तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्यासमोर याच सासूला समजावत होत्या. कळा आणणारी जनुकं, म्हणजे जीन, गर्भपिशवीत दिवस भरत येईपर्यंत गप्प असतात. हिची कदाचित आधीच जागी झाली. का, ते सांगता येत नाही. पण हिचा दोष नाही. त्यातला 'जीन' एवढाच शब्द घरी आणला विहीणबाईंनी? पूर्वी पांढऱ्या पायाची म्हणाल्या असत्या. आता विज्ञान शिकल्यात!

मी म्हटलं, "विहीणबाई, जीन म्हणजे काय गोवर आहे, नारळातून लागायला?"

"आत्याबाई, तुम्ही शिकलेल्या. आमी आपलं जपतो."

जावेनं पदर आवरून घेतला. अश्विनी नारळ धरून तशीच उभी. तो कुठं ठेवायचा, तेही कुणी तिला सांगेना.

मग पंगत बसली. पहाटेपासून सगळ्या पुरणपोळ्या अश्विनीनंच लाटल्या होत्या. ते मात्र चाललं. गरोदर सुनेला तर सासूनं आग्रह करकरून तिसरी वाढली.